माणूस असा का वागतो ?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने यंदा भाषणाचा विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली. चिटणिसांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही विद्यार्थ्यांच्या अभ्यासाविषयी अथवा लग्नकार्यातील वाढत्या खर्चाविषयी चार शब्द सांगू. हे दोन्ही विषय या व्यासपीठावरून अनेकवार झालेले आहेत, आणि लग्नांचा खर्च तर प्रत्येक भाषणानंतर थोडा वाढलेलाच दिसतो. म्हणून आज निराळा विषय घेतला आहे. मनुष्य जसा वागतो तसा का वागतो, आणि गेल्या शेसव्वाशे वर्षांत मानसशास्त्राने या प्रश्नाची कोणकोणती उत्तरे शोधली, हे आपणांपुढे ठेवण्याचा विचार आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्यापीठातील पंडितांचा अधिकार आम्हांस नाही. तथापि ज्याने हयातभर चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गापुढे उभे राहून दिवस काढले, त्यास या विषयाचा निकटचा परिचय आपोआपच होतो, मग त्याने पुस्तक उघडलेले असो वा नसो.

खानदेशास हा प्रश्न नवा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर अठरा प्रवचने केली. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी एक, असा तो क्रम होता. साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून आज ती आपल्या घरोघरी आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, मनुष्याची इच्छा नसतानाही, जणू कोणी बळेच ढकलल्यासारखा, तो पाप का करतो? तुरुंगाच्या भिंतींच्या आत हा प्रश्न ऐकणाऱ्यांस तो किती जवळचा वाटला असेल, याची कल्पना करावी. तिकडे अमळनेरास श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ सालीच तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते, आणि देशोदेशीचे विद्वान वाचीत असे तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक आपल्या या लहानशा गावातून निघत असे. त्याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आणि आसोद्याच्या मातीत जन्मलेल्या बहिणाबाईंनी, ज्यांस अक्षरओळख नव्हती, मनाच्या ओढाळपणावर जे गाणे रचले ते तर आपणां सर्वांच्या तोंडी आहे. तेव्हा मनाचा विचार ही आपल्याकडे परदेशातून आलेली वस्तू आहे असे कोणी समजू नये. परदेशातून आली ती प्रयोगाची रीत.

परंतु केवळ पूर्वजांच्या मोठेपणाचे स्मरण करण्यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच माणसे जमावाच्या हातून मारली गेली. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, आणि भिक्षा मागत त्या भागात आले होते. आठवडे बाजाराचा दिवस होता. त्यांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, ही वार्ता त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पसरलेली होती. लोकांनी त्यांस ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि तेथे ठार होईपर्यंत मारले. त्यांच्यापैकी कोणीही मूल पळविलेले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही हाच प्रश्न मनात घोळवीत आहोत. बाजारात आलेले ते शेकडो लोक सकाळी घरातून निघाले तेव्हा खुनी नव्हते. कोणी मिरच्या विकावयास आला होता, कोणी लेकरासाठी खाऊ घ्यावयास. संध्याकाळपर्यंत त्यांचे जे झाले ते कसे झाले? आधुनिक मानसशास्त्राच्या निरनिराळ्या संप्रदायांस आम्ही हाच एक प्रश्न विचारून पाहिला. जे उत्तर पटले ते सांगतो, पटले नाही तेही सांगतो.

प्रथम एक गोष्ट बाजूस सारावी लागेल. या घटनेविषयी बोलताना पुष्कळ सुशिक्षित मंडळी 'अडाणी लोक, दुसरे काय!' असे म्हणून विषय संपवितात. हे उत्तर नव्हे; हे उत्तर टाळणे होय. ती वार्ता मोबाईलवरून पुढे पाठविणारे सारे निरक्षर होते काय? त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतील मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या एका बोधपटातून कापून घेतलेली होती. शेवटची सूचना तेवढी उडविलेली. ती पाहून घाबरणाऱ्यांत पदवीधर होते, आणि आपल्या ज्ञातीतीलही होते.

आता डॉक्टर फ्रॉइड यांस विचारू. व्हिएन्नाचे हे वैद्य १८५६ ते १९३९ या काळात होऊन गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मनाचा मोठा भाग आपणांस दिसतच नाही. विहिरीतील पाणी वरून पाहावे तर एक परसभर उजेड दिसतो, बाकीचे अंधारात. तसे अबोध मन. तेथे कोंडलेल्या वासना, राग आणि भीती निराळे रूप घेऊन बाहेर येतात. गर्दीविषयी त्यांनी १९२१ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. गर्दीत मनुष्याचा आतला पहारेकरी डुलकी घेतो, आणि एरवी दाबून ठेवलेले सारे मोकळे सुटते, असा त्याचा आशय आहे. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली आपल्या देशात मनोविश्लेषणाची संस्था काढली, आणि खुद्द फ्रॉइडशी पत्रव्यवहार करून आपले मतभेदही निर्भीडपणे कळविले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. षड्रिपूंची शिकवण ऐकत वाढलेल्या आपणांस फ्रॉइडचे म्हणणे फारसे परके वाटत नाही. पण आमची अडचण अशी की, घटना घडून गेल्यावर या शास्त्राने काहीही स्पष्ट करता येते, आणि घडण्यापूर्वी काहीच सांगता येत नाही. राईनपाड्याच्या बाजारात त्याच रविवारी शेकडो जणांचे पहारेकरी एकदम का झोपले आणि आदल्या रविवारी का झोपले नाहीत, याचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले नाही.

वर्तनवाद्यांकडे मात्र अधिक वेळ थांबावे लागेल. रशियातील पावलोव्ह हे पचनक्रियेचे संशोधक. त्या कार्यासाठी त्यांस १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळेचे मोजमाप करताना त्यांच्या ध्यानात आले की, अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्नाची सूचना देणारी खूण मिळताच कुत्र्यास लाळ सुटते. शाळेतील मधल्या सुटीची घंटा वाजली की मुलांस भूक लागते, ती पोटामुळे की घंटेमुळे, हे आम्हांस तरी कधी ठरविता आले नाही. अमेरिकेतील वॉटसन यांनी १९१३ साली जाहीर केले की मन, आत्मा, जाणीव या अदृश्य गोष्टींचा विचार सोडून केवळ दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करावा. १९२० साली त्यांनी व त्यांच्या सहकारी रेनर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो आज कोणी करू म्हणेल तर त्यास परवानगी मिळणार नाही. सुमारे अकरा महिन्यांचे एक बालक पांढऱ्या उंदराशी निर्भयपणे खेळत असे. उंदीर पुढे आला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारावयाचा, असे काही वेळा केले. मग नुसता उंदीर पाहूनच ते बालक रडू लागले. आणि पुढे ससा, केसाळ कोट, अशा सारख्या दिसणाऱ्या वस्तूंसही भिऊ लागले.

बंधुभगिनींनो, हा प्रयोग वाचताना आमच्या डोळ्यांपुढे अमेरिका आली नाही. आपली ओसरी आली. मूल जेवत नाही, झोपत नाही, की आई-आजी काय म्हणतात? 'झोळीवाला येईल, धरून नेईल.' आपल्या अहिराणीत 'पोरं धरनारा उनात' म्हटले की खेळणारी पोरे घरात पळतात. झोळी, भगवे वस्त्र, अनोळखी चेहरा, डौराचा आवाज, आणि त्याच्या जोडीला आईच्या आवाजातील भीती. हातोडा आणि उंदीर यांची जोडी आणखी निराळी ती काय? मूल मोठे होते, बाप होते, बाजारास जाते. झोळी दिसताच त्याच्या आत ती जुनी घंटा वाजत नसेल कशावरून? हा आमचा तर्क आहे, प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. परंतु घराघरांतील माताभगिनींनी त्याचा विचार करावा असा आहे.

याच संप्रदायातील स्किनर यांनी पुढे दाखविले की, ज्या कृतीनंतर काही लाभ होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. १९४८ सालचा त्यांचा कबुतरांचा प्रयोग मोठा गमतीचा आहे. कबूतर काहीही करो अथवा न करो, ठराविक वेळाने दाणे पडत राहतील अशी योजना केली. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापली एकेक विचित्र क्रिया धरली. एक गोल गोल फिरू लागले, दुसरे मान झटकू लागले. दाणे पडण्याच्या क्षणी जे चालले होते त्यामुळेच दाणे पडले, अशी जणू त्यांची समजूत झाली. परीक्षेस ठराविक शाईचे पेन घेऊन येणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांस कबुतरांत गणण्याचा आमचा हेतू नाही. पण मोबाईलवर भयंकर बातमी पाठविताच दहा जणांचे 'बापरे' आणि 'धन्यवाद, सावध केलेत' असे उलट निरोप येतात, हेही दाणेच नव्हेत काय? पाठविणाऱ्यास मोबदला मिळतो, म्हणून तो पुन्हा पाठवितो. बातमी खरी होती की खोटी, याचा त्या मोबदल्याशी काही संबंध नाही.

तरीही वर्तनवादाने सारे भागत नाही. मनुष्य हा कबूतर नव्हे. तो अर्थ लावतो. समष्टिवादी जर्मन पंडितांनी हे आधीच सांगितले होते की, आपण सुटे सुटे तुकडे पाहत नाही, एकदम संपूर्ण आकृती पाहतो. १९५० नंतर बोधनवादी संप्रदायाने हाच विचार पुढे नेला. मनुष्याच्या डोक्यात काही ठोकताळे तयार असतात, आणि नवी वस्तू तो त्या साच्यात घालून पाहतो. अनोळखी माणूस, झोळी, लहान मुलगी, एवढे तीन ठिपके दिसले की बाकीचे चित्र पाहणारा स्वतःच रंगवितो. आणि हा साचा एकाएकी तयार झालेला नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. परंतु भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही. कायदा कागदावर असतो, तो फाडता येतो.

अफवेच्या बाबतीत तर आपल्याच देशातील एका अभ्यासाने जगाच्या मानसशास्त्रास मोठी देणगी दिली आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद या अभ्यासकाने त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या व १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्या भागात हादरा जोराचा जाणवला, पण घरे पडली नाहीत आणि माणसे दगावली नाहीत, त्या भागातील या अफवा होत्या. कोणासही वाटेल की जे वाचले ते 'सुटलो बुवा' म्हणून स्वस्थ बसले असतील. घडले उलटे. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार, असल्या भयंकर अफवा तेथे जोराने पसरल्या. पुढे अमेरिकेतील फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने हा निबंध वाचून त्यावर विचार केला आणि १९५७ साली आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. त्याने लावलेला उलगडा असा: त्या लोकांच्या अंगात हादऱ्याची भीती भरलेली होती, परंतु भिण्याजोगे डोळ्यांपुढे काहीच नव्हते. भीती आहे आणि कारण नाही, ही स्थिती मनास सहन होत नाही. म्हणून मनाने भीतीस शोभेल असे कारण निर्माण केले. १९५० साली दार्जिलिंगकडे दरडी कोसळल्या, तेव्हाच्या बोलण्याचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला. तेथे विध्वंस प्रत्यक्ष डोळ्यांपुढे होता, आणि असल्या आणखी भयंकर भाकितांच्या अफवा तेथे उठल्या नाहीत, हेही फेस्टिंजरने नोंदविले.

आपण समजतो की अफवा येते आणि मग भीती उत्पन्न होते. पुष्कळदा क्रम याच्या उलट असतो. भीती अगोदरच मनात घर करून बसलेली असते. पावसाने ओढ दिलेली असते, कर्ज असते, मुलांचे काय होईल ही काळजी असते. आणि अफवा त्या भीतीस एक चेहरा देते. म्हणूनच 'ही बातमी खोटी आहे' एवढे सांगून अफवा मरत नाही. जो मनुष्य आधीच भ्यालेला आहे, त्याचे कारण तेवढे आपण हिरावून घेतो. भीती त्याच्याजवळच राहते, आणि तो दुसरे कारण शोधावयास लागतो.

बोधनवादाच्याच अंगाने अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना आपणांस दुःखी करीत नाही, घटनेविषयीची आपली समजूत दुःखी करते, हे तिचे मूळ. मुंबईचे कि. मो. फडके यांनी अनेक वर्षे एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करून तो विचार आपल्याकडे रुजविला, आणि आज मराठीत त्यावर चांगली पुस्तके आहेत. दहावीत नापास झालेल्या मुलास घटना बदलून देता येत नाही. 'आता मी कुटुंबास तोंड दाखविण्याच्या लायकीचा राहिलो नाही' ही समजूत मात्र त्याच्याशी बोलून तपासता येते. समर्थांनी मनासच समोर बसवून दोनशेपाच श्लोकांत समजाविले, तेव्हा स्वतःशी कसे बोलावे हे आपल्या परंपरेस ठाऊक होते, असे आम्हांस वाटते. पंडितांनी ही तुलना जपूनच करावी, कारण समर्थांचा रोख मोक्षाकडे होता आणि एलिसचा रोख प्रपंचाकडे.

मेंदू आणि औषधे यांचा विचार करणारा जीवशास्त्रीय संप्रदाय आज सर्वांत बलवान आहे, पण त्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार थोडा. इतकेच सांगतो की काही मनोविकार हे मधुमेहाप्रमाणे आजारच होत, त्यांस औषध आहे, आणि भगताकडे नेऊन ते बरे होत नाहीत. राज्यातील चार जुनी शासकीय मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे; खानदेशातील रुग्णास ती लांबच. पण ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मोफत सल्ल्याची सोय केलेली आहे. हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

आता सामाजिक मानसशास्त्र. राईनपाड्याचा उलगडा आम्हांस सर्वांत अधिक येथे झाला. १९५१ साली सॉलोमन अॅश यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन रेघांपैकी कोणती रेघ समोरच्या रेघेएवढी आहे, एवढेच सांगावयाचे. पहिलीच्या मुलासही जमेल. पण खोलीतील बाकीचे सारे आधीच पढविलेले होते आणि ते मुद्दाम चुकीचे उत्तर देत. खऱ्या उमेदवाराने अशा सुमारे एकतृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारे सोडून बाकीच्यांच्या चुकीच्या उत्तरास मान डोलविली. मात्र खोलीतील दुसऱ्या एकानेही जर खरे उत्तर दिले, तर ही मान डोलविणे एकदम कमी झाले. जोडीदार एक पुरतो. १९६८ साली लाताने आणि डार्ली यांनी याच्या पुढचे दाखविले. खोलीत धूर येऊ लागला. मनुष्य एकटा असेल तर शंभरांपैकी पंचाहत्तर जणांनी बाहेर जाऊन कळविले. बरोबर दोन पढविलेली माणसे स्वस्थ बसलेली असतील तर केवळ दहांनी. बाकीचे डोळे चोळीत बसून राहिले.

या संशोधनास निमित्त झालेली एक हकिकत मनोरंजक आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला. अडतीस जणांनी तो पाहिला आणि कोणी हलले नाही, असे तेथील मोठ्या वृत्तपत्राने छापले. पुढे चौकशी करता ही हकिकत बरीच फुगविलेली निघाली. पण तोपर्यंत ती चाळीसएक वर्षे मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून शिकविली जात होती. अफवेपासून प्राध्यापकही सुटलेले नाहीत, एवढेच यावरून म्हणतो. धुराचा प्रयोग मात्र प्रयोगशाळेतला आहे आणि तो टिकला आहे.

राईनपाड्यानंतर काही तासांतच मालेगावी तसाच प्रकार घडू लागला होता. मुले पळविणारे समजून जमावाने एका कुटुंबास वेढले. त्यांच्याबरोबर लहान लेकरूही होते. तेथे स्थानिक माणसांनी त्यांस घरात आसरा दिला, पोलिस वेळेवर पोहोचले, आणि सारी वाचली. तीच अफवा, तोच आठवडा, शेजारचाच मुलूख. मालेगावचे लोक राईनपाड्याच्या लोकांहून अधिक शिकलेले अथवा अधिक सात्त्विक होते म्हणून हे झाले, असे आम्हांस वाटत नाही. तेथे कोणीतरी पहिल्यांदा दार उघडले. अॅशच्या प्रयोगातील तो एक जोडीदार.

आणि आता जे सांगणार आहोत ते या मेळाव्यात सांगावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. हेन्री ताजफेल हे पोलंडात जन्मलेले ज्यू गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैनिक म्हणून कैदेत राहिले म्हणून वाचले. त्यांच्या घरची माणसे मारली गेली. माणसे एकमेकांस 'आपले' आणि 'परके' कसे ठरवितात, हाच त्यांनी जन्मभर अभ्यासाचा विषय केला. १९७० च्या सुमारास इंग्लंडातील शाळकरी मुलांवर त्यांनी प्रयोग केला. मुलांस दोन गटांत विभागले, आणि कारण सांगितले अगदी फालतू: तुला या चित्रकाराची चित्रे अधिक आवडली, त्यास त्या चित्रकाराची. मुलांस आपल्या गटात कोण आहे हेही ठाऊक नव्हते. मग थोडे पैसे वाटावयास दिले. मुलांनी आपल्या गटास अधिक दिले, हे ओघानेच आले. आश्चर्य पुढचे आहे. आपल्या गटास प्रत्यक्षात कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा अधिक मिळाले पाहिजे, अशी वाटणी पुष्कळांनी पसंत केली.

ज्ञातिबंधूंनो, इंग्लंडातील मुलांस एका दुपारी सांगितलेल्या खोट्या कारणाने हे झाले. आपणांस तर जन्मापासून सांगितलेले आहे. ज्ञातिमंडळ वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. तसे असते तर आम्ही येथे उभेच राहिलो नसतो. मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली माणसाच्या गरजांची पायरी मांडली, तीत अन्न आणि सुरक्षिततेच्या लगेच वर 'आपली माणसे असणे' ही गरज आहे. मंडळाची शिष्यवृत्ती, वधूवरांची यादी, शहरात शिकणाऱ्या मुलांस राहण्याची सोय, ही सारी त्या गरजेची फळे आहेत आणि ती गोड आहेत. परंतु आपल्या पंगतीत कोण बसतो हे जितक्या उत्साहाने आपण मोजतो, तितक्याच उत्साहाने पंगतीबाहेर कोण उभा आहे हेही आपले मन मोजत असते. डवरी गोसावी हा राईनपाड्याच्या बाजारात कोणाचाच नव्हता. त्याच्या ज्ञातीचे मंडळ नव्हते, ओळखीचा दुकानदार नव्हता, 'अहो, हा अमक्याचा पाहुणा आहे' असे म्हणणारे कोणी नव्हते.

मग उपाय काय? वॉटसनच्या प्रयोगातील त्या बालकाची भीती कोणी काढलीच नाही. पण १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या विदुषीने पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती काढून दाखविली. मुलगा आवडीचा खाऊ खात असता ससा खोलीच्या दूर कोपऱ्यात आणीत. दुसऱ्या दिवशी थोडा जवळ. असे करता करता एका हाताने खाऊ खात तो दुसऱ्या हाताने सशास कुरवाळू लागला. कार्ल रॉजर्स यांनी पुढे सांगितले की मनुष्य बदलावा असे वाटत असेल तर त्यास आधी अटी न घालता आपला म्हणावे. अमळनेरास १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले, हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढले. मुलांस शिक्षा करून जे साधले नसते ते त्यांनी असे साधले. रॉजर्सचे नाव तेव्हा येथे कोणी ऐकलेले नव्हते.

सरकारने आणि कंपन्यांनी आपल्या परीने काही केले. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्येच आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येणार नाही अशी मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध राज्यांस निर्देश दिले. ते त्यांचे काम. मंडळाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अशी कोणतीही भीतिदायक वार्ता आली की ती पुढे न पाठविता आधी पोलिस ठाण्यात विचारावयाची, आणि मिळालेले उत्तर गटावर टाकावयाचे. हे काम युवक शाखेतील दोघांस नेमून द्यावे. एकास नव्हे, दोघांस, कारण जोडीदाराचे महत्त्व वर सांगितलेच आहे. दुसरी, पुढील वर्षीच्या मेळाव्यात डवरी गोसावी समाजातील कलावंतांस डौरावरील गाणी सांगण्यास सन्मानाने बोलवावे, त्यांची बिदागी मंडळाने द्यावी, आणि त्यांस मुलांच्या पंगतीतच जेवावयास बसवावे. कार्यक्रम मुलांच्या खाऊच्या वेळी ठेवावा, ही विनंती विशेष. अध्यक्षमहाराजांनी हे दोन्ही विषय कार्यकारिणीच्या पुढील बैठकीपुढे ठेवावेत.